नववा गठ्ठा

६ जानेवारी

प्रिय खळ्या,

खुशाली विचारत बसत नाही, तुझ्याकडे काम आहे म्हणून लिहितेय. चार वर्षांत तू पत्र टाकलं नाहीस आणि मीही नाही, तेव्हा आता एकमेकांच्या गळ्यात पडायचं नाटक नको. तू माझा मामेभाऊ, पुस्तकं बांधतोस, आणि अंगाला कायम खळीचा वास येतो म्हणून सगळे तुला खळ्या म्हणतात. एवढी ओळख मला पुरते.

मला काचबिंदू झालाय. उजवा डोळा गेला. डाव्याला डॉक्टरांनी जूनपर्यंतची मुदत दिलीय, फार तर जुलै. तोंडावर सांगितलं, गोड बोलत बसले नाहीत, बरं वाटलं. तीस वर्षं छापखान्यात प्रुफं वाचली, लोकांच्या चुका शोधण्यात डोळे घालवले. आता उरलेत त्यात मला एकच पुस्तक वाचायचंय.

तुला ठाऊक आहे कुठलं. ती सातशे वीस पानांची कादंबरी, जिच्यात एकही पूर्णविराम नाही. आमच्याच छापखान्यात छापली होती, मी कामाला लागायच्या आधी. तिची प्रुफं वाचणारे आमचे थोरले वाचक शेवटच्या पानावर सही करून घरी गेले ते परत कामावर आलेच नाहीत. विचारायला गेलेल्यांना म्हणाले, 'आता दुसरं काही वाचवत नाही.' हसलास ना? हस. मला मात्र त्या माणसाचा जन्मभर हेवा वाटलाय. मी काय वाचलं? वेळापत्रकं, औषधांची माहितीपत्रकं, शाळांचे अहवाल. एकदा तरी मला पुरून उरेल असं काही वाचायचंय.

ग्रंथपालबाई सांगत होत्या की त्यांची एकुलती एक प्रत तुझ्याकडे दुरुस्तीला पडलीय. शिवण उसवून सुटे फर्मे पाठव. जाड पुस्तक मला धरवत नाही. भिंग डोळ्याला आणि पान भिंगाला चिकटवून वाचते.

ताई


१७ जानेवारी

ताई,

डोळ्याचं वाचून वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण लगेच हेही वाटलं की बाईचे डोळे गेले तरी हुकूम सोडायची सवय काही जायची नाही.

तुझं पुस्तक ग्रंथालयात गळक्या नळाखाली दोन वर्षं पडून होतं. खालची कड पार कुजली होती. कटिंगला लावून बोटभर उडवली, त्यात पानांचे आकडे गेले. मजकूर शाबूत आहे. पंचेचाळीस फर्मे, प्रत्येकी सोळा पानं. पाच-पाच फर्म्यांचे नऊ गठ्ठे केलेत. वाचलेला गठ्ठा परत आला की पुढचा निघेल. पुस्तक ग्रंथालयाचं आहे, तुझ्या उशाशी ठेवायला नाही.

आणि फुकट मिळणार नाही. दर गठ्ठ्याला मला एक गोष्ट हवी. खरी, काळी, विचित्र, आणि तू स्वतः पाहिलेली. मला कादंबऱ्या सोसत नाहीत. कुणीतरी खुर्चीत बसून रचलेली दुःखं, त्यात आपण कशाला नाक खुपसायचं? मी कोर्टाची जुनी कागदपत्रं बांधतो, शवागाराची रजिस्टरं बांधतो. शिवता शिवता वाचतो. परवा एक ओळ मिळाली: 'मयताच्या मुठीत किल्ली, घरातल्या एकाही कुलपाला लागत नाही.' बस्स, एवढंच. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. सांग, तुझ्या सातशे वीस पानांत आहे का असं काही?

असं वाचलं की अंगावर काटा येतो, आणि काटा बसला की कसं गार वाटतं. हे आपल्या घरी झालं नाही, असं वाटतं.

पहिला गठ्ठा उधार. पुढचा गोष्ट आल्यावर.

खळ्या


४ फेब्रुवारी

प्रिय खळ्या,

घे तुझी गोष्ट. आमच्या खालच्या मजल्यावर एक नकाशे काढणारा राहायचा. तो आणि त्याची बायको एकोणीस वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. कशावरून बिनसलं ते त्यांनाही आठवत नसावं. स्वयंपाकघराच्या दारावर एक खिळा होता, त्याला चिठ्ठ्या लावायचे. 'मीठ जास्त.' 'साबण संपला.' एकदा आठ-दहा दिवस त्यांच्याकडून वास येत राहिला म्हणून दार फोडलं. बाई आतल्या खोलीत मरून पडलेली. तो बाहेर टेबलाशी रेघा ओढत बसलेला. खिळ्यावर सहा चिठ्ठ्या: 'जेवण का नाही?' 'आजही नाही?' 'हा काय प्रकार आहे?' शेवटच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'ठीक आहे, तुझीच जीत.' आतल्या खोलीत जाऊन बघायचं म्हणजे माघार घेतल्यासारखं झालं असतं ना! दार फोडणाऱ्यांत मी होते. चिठ्ठ्या मी वाचल्या, आणि खरं सांगते, पहिल्यांदा मला हसूच आलं.

झालं समाधान? आता माझं ऐक. कादंबरी अफाट आहे. मिठागरावरचा एक कारकून वरच्या साहेबाला तक्रारअर्ज लिहायला बसतो आणि अर्ज संपतच नाही, एवढंच कथानक. पण सोळा-सोळा पानांनी धागा मध्येच तुटतो आणि भलतीकडून सुरू होतो. अर्धं वाक्य मिठाच्या ढिगाऱ्यावर सोडून दिलेलं, आणि पुढचं अर्धं कुणाच्या तरी बाळंतपणात निघतं! पहिल्यांदा मला राग आला. मग दुसऱ्यांदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं, आणि कळलं की हा माणूस आपल्याला बोट धरून नेणार नाही. पडलो तर पडू द्यायचं, असं त्यानं ठरवलंय. सोपं पुस्तक तुम्ही वाचताय की झोपलाय याची फिकीर करत नाही. हे करतं. पुढचं पाठव.

ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

नकाशेवाला झकास. वहीत उतरवून ठेवला. मी खऱ्या गोष्टींची एक वही करतोय, चामड्याच्या पाठीची. तुझ्या गोष्टींना त्यात वेगळा भाग दिलाय.

तुझ्या कादंबरीबद्दल मी काय बोलणार, मी खळ लावणारा माणूस. पण एक विचारू? वाक्य मिठावर तुटतं आणि बाळंतपणात निघतं, यात तुला काही खटकत नाही? तू तर प्रुफंवाली. एक अनुस्वार चुकला तर लेखकाला घरी फोन करायचीस. नीट बघ हं. डोळे आहेत तोवर बघ.

दुसरा गठ्ठा सोबत.

खळ्या


११ मार्च

प्रिय खळ्या,

तुला शंका यायचीच. जे कळलं नाही ते चुकलंय, असं म्हणणाऱ्या लेखकांच्या, मालकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या तीन पिढ्या मी पाहिल्यात, तू चौथा. तुला रजिस्टरातली ओळ पुरते, कारण ती तुला काही करायला सांगत नाही. मढं तयार, तू फक्त तोंड वासून बघायचं.

तिसऱ्या गठ्ठ्यात कारकुनाची आई मरते. बारा पानं ती मरतेय. अंथरूण, घसा, पाण्याची वाटी, सगळं. मी दोन दिवस भिंग खाली ठेवलं नाही. आणि लगेच पुढच्या फर्म्यात ती दारात उभी, पोराला ओरडतेय, आणि कुणालाही नवल वाटत नाही! पोरगा लहान झालाय. केवढी हिंमत या लेखकाची! आपली माणसं अशीच जातात आणि अशीच मध्ये मध्ये दारात येऊन उभी राहतात, हे त्यानं न सांगता करून दाखवलंय. मी रडले, खळ्या. आई गेली तेव्हा रडले नव्हते. सुनेला बोलावून ते पान वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'आई, हे मागेपुढे झालंय का?' मी म्हटलं, तू भाजी चिर.

चौथ्या गठ्ठ्यासाठी गोष्ट: आमच्या छापखान्यातला एक जुळारी आंधळा झाला ते त्यानं दोन वर्षं कुणाला कळू दिलं नाही. छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे बोटांनी ओळखायचा. एक दिवस मालकानं गंमत म्हणून त्याच्या खणांत खिळे उलटेपालटे भरले. तो दिवसभर जुळवत बसला, संध्याकाळी अभिमानानं पान दाखवायला आणलं. सगळे हसले. मीही हसले, कारण मी नवी होते आणि मालकाचं लक्ष माझ्याकडे होतं. दुसऱ्या दिवशी तो विहिरीत सापडला.

ही सांगायची नव्हती. तुझ्यामुळे सांगितली.

ताई


२२ एप्रिल

ताई,

आठवा गठ्ठा सोबत आहे. आंधळ्या जुळाऱ्याची गोष्ट वाचून आमच्या कारखान्यात तिघांनी हातातलं काम खाली ठेवलं होतं. त्यानंतरच्या चारही चांगल्या, ती पत्र्याच्या डब्यातल्या दातांची तर विसरवत नाही.

आता नवव्याचं. शेवटचा गठ्ठा आहे, तर भाव मी ठरवतो.

मला धाकट्याची गोष्ट हवी.

माझा सख्खा भाऊ. सहा वर्षांचा होता, मी अकराचा. सुट्टीत आम्ही दोघं तुमच्याकडे आलो आणि परत गेलो मी एकटा. सगळे म्हणाले, ताप डोक्यात गेला. मला त्याचा चेहरासुद्धा बघू दिला नाही, काकांबरोबर बसमध्ये बसवून दिलं. त्यानंतर आई मरेपर्यंत आत्याच्या उंबऱ्याला शिवली नाही. तापासाठी नणंदेशी असं कुणी वागतं? आणि तुमच्या माळ्यावरचा अंथरुणांचा मोठा पेटारा आत्यानं त्याच आठवड्यात कुऱ्हाडीनं फोडून जाळला, हे तुमच्या शेजारणीनं मला पुढे कित्येक वर्षांनी सांगितलं.

मी रजिस्टरं वाचणारा माणूस आहे, ताई. मारलेल्या पोरांच्या नावापुढे बहुतेक वेळा तापच लिहिलेला असतो. तुझ्या आईचा हात जड होता, हे घराण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मी तिचा मार खाल्लाय. तू तेव्हा पंधरा वर्षांची होतीस, घरात होतीस. तुला माहीत आहे.

खळ्या


२९ एप्रिल

खळ्या,

दुसरं काहीही माग. माझी माग. माझ्या नवऱ्याचं शेवटचं वर्ष कसं गेलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, ते सांगते. धाकट्याला राहू दे.

काल डॉक्टरांकडे गेले होते. म्हणाले, जूनचंही आता खरं नाही. पानाचा मधला भाग तेवढा दिसतो, दोन्ही कडा धुरात. आठवा गठ्ठा चार दिवसांत संपेल. कारकुनाचा अर्ज आता अशा ठिकाणी आलाय की पुढे काय हे कळल्याशिवाय मला झोप लागणार नाही. तुला हे हास्यास्पद वाटत असेल. वाटू दे. ऐंशी पानं राहिलीत, खळ्या. माझ्या आयुष्यात आता एवढंच वाचायचं राहिलंय.

आईनं त्याला बोट लावलं नव्हतं. एवढं लिहून देते. त्यावर विश्वास ठेव आणि गठ्ठा पाठव.

ताई


६ मे

ताई,

गठ्ठा माझ्या टेबलावर आहे. त्यावर चहाचा कप ठेवतो. कपाचं वर्तुळ उमटलंय, पण मजकूर वाचता येईल, काळजी करू नकोस.

'बोट लावलं नव्हतं' ही गोष्ट नाही, हा वकिलाचा जबाब झाला. माझ्या वहीत तुझ्या सात गोष्टी झाल्या, आठवीचं पान कोरं आहे. तू लिहिलं नाहीस तर मला समजतं तसं मी लिहीन: आत्यानं मारलं, पेटाऱ्यात लपवलं, पेटारा जाळला. मग वही बांधून एक प्रत तुझ्या मुलाला पाठवीन. त्याच्या पोरांना पणजी कशी होती ते कळू दे.

तुझी नजर, तुझा वेळ. मला घाई नाही.

खळ्या


१५ मे

खळ्या,

ठीक आहे. आधी दार लावून घे आणि बस.

दुपारची वेळ होती. मोठी माणसं जेवून आडवी झाली होती. तुम्ही दोघं माळ्यावर लपाछपी खेळत होतात, राज्य तुझ्यावर होतं. धाकटा पेटाऱ्यात लपला. तुला तो लगेच सापडला, कारण त्याला हसू आवरायचं नाही. पण तू 'सापडला' म्हणाला नाहीस. तू कडी लावलीस. 'भूत आलं' म्हणून झाकणावर थापा मारल्यास. त्याला घाबरवायचं होतं, दुसरं काही नाही. मग तू गच्चीवर गेलास. शेजारच्यांकडून आणलेलं ते खुनांच्या खऱ्या गोष्टींचं पुस्तक तुला दोन दिवस सुटत नव्हतं, ते घेऊन टाकीच्या सावलीत पडलास. वाचता वाचता तुला झोप लागली. पाच वाजता चहाला हाक मारली तेव्हा आईनं विचारलं, 'धाकटा कुठाय?' तू डोळे चोळत म्हणालास, 'खेळत असेल.' खोटं नाही बोललास, तू विसरला होतास. दिवेलागणीला आई अंथरुणं काढायला वर गेली.

तुझा बाप दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. तो आणि माझी आई मागच्या अंगणात उभे राहिले आणि त्यांनी ठरवलं की तुला हे कधी कळता कामा नये. एक गेला तो गेला, दुसरा रोज मरेल. डॉक्टर ओळखीचे होते, त्यांनी ताप लिहिला. मामीला, तुझ्या आईला, तो ताप काही पटेना. तेव्हा आई तिच्यासमोर उभी राहून म्हणाली, 'वहिनी, पेटारा मी उघडा ठेवला होता, झाकण पडलं, चूक माझी.' मामी तिच्या तोंडावर थुंकली. आईनं पदरानं तोंड पुसलं. बत्तीस वर्षं मामीचे शिव्याशाप घेतले, तुझ्यासाठी. आणि तू तिच्या हाताचं वजन सांगतोस!

मरताना तिनं मला शपथ घातली होती की तुला सांगायचं नाही. ती मी आज ऐंशी पानांसाठी मोडली. मला माझी लाज वाटते, पण तुझी जास्त वाटते.

खरी, काळी, विचित्र. आपल्या घरी झालं नाही असं वाटून तुला गार वाटतं ना?

गठ्ठा पाठव.

ताई


२७ जून

ताई,

महिना-दीड महिना पत्र नाही म्हणून तू वाट बघत असशील. बघ.

तुझं पत्र वाचून झाल्यावर मला वाटलं, आपणही ताईला एक खरी गोष्ट द्यावी, फार दिवस तिचीच ऐकतोय. तर घे. जानेवारीत कटिंग करून झालं आणि फर्म्यांची चळत माझ्या हातून सांडली. पंचेचाळीसच्या पंचेचाळीस फरशीवर. पानांना आकडे नव्हते, पूर्णविराम नव्हते, मी कादंबऱ्या वाचत नाही. पहिला आणि शेवटचा तेवढा ओळखता आला, एकावर नाव होतं, दुसऱ्यावर 'समाप्त'. बाकीचे हाताला लागले तसे उचलून गठ्ठे बांधले. म्हटलं, ताई प्रुफंवाली, पहिल्याच फटक्यात पकडेल, मग सांगू, हसू.

तू पकडलं नाहीस. तू तिसऱ्यांदा वाचलंस आणि तुला कळलं! मी इशारा दिला तर मला चौथी पिढी म्हणालीस. ती मेलेली आई दारात उभी राहिली ना, जिच्यावरून तू रडलीस? ती मेलेली नव्हतीच अजून. तो आधीचा फर्मा होता. लेखकानं काहीही करून दाखवलेलं नाही. जे काय केलं ते माझ्या फरशीनं केलं. तुझ्या सुनेला कळलं आणि तुला नाही कळलं.

तू वाचलीस ती कादंबरी कुणी लिहिलेलीच नाही. तिचा शेवट कसला पाठवू?

खळ्या


५ जुलै

खळ्या

अक्षर मोठं आलंय, ओळी एकमेकींवर चढल्या असतील. सुनेला लिहू दिलं नाही.

लागतील ते फर्मे लावून पाठव नाहीतर न लावता पाठव. शेवटचा गठ्ठा दे. तुला हवं ते मी दिलं. थोडंच दिसतंय आता.

ताई


१९ सप्टेंबर

ताई,

सोबत पुस्तक आहे. पूर्ण, बांधलेलं, योग्य क्रमानं.

जुलैत तुझं ते पत्र आलं आणि मी गठ्ठे सोडून बसलो. प्रत्येक फर्म्याची शेवटची ओळ वाचायची आणि तिचं उरलेलं अर्धं कुठे आहे ते शोधायचं. आधी नुसत्या ओळी बघत होतो, पण या माणसाच्या ओळी कुठल्याही कुठेही लागतात. म्हणून सगळंच वाचावं लागलं. मी, कादंबरी! दोनदा वाचली. दहा आठवडे लागले, गिऱ्हाइकांची कामं पडून राहिली. ते पुस्तक खरंच वाईट आहे, म्हणजे माणसाचं वाईट करणारं आहे. कारकून सातशे पानं अर्ज लिहितो, कारण अर्ज संपला तर त्याला स्वतःचं नाव खाली लिहावं लागेल. मला वाटलं होतं रचलेलं आहे म्हणून मला काही होणार नाही. तू थोरल्या वाचकांचं सांगितलं होतंस त्यावर आता मी हसत नाही.

रजिस्टरं परत केली. ती वही जाळली.

ताई, मी फार आठवून बघितलं. गच्ची आठवते, टाकी आठवते, त्या पुस्तकाचं मुखपृष्ठ आठवतं. कडी आठवत नाही. आणि आता एकच गोष्ट मला सारखी खातेय. मोठी माणसं झोपली होती, असं तूच लिहिलंस. माळ्यावर आम्ही दोघंच होतो. मग धाकटा हसत होता, मी थापा मारल्या, 'भूत आलं' म्हणालो, हे कुणी ऐकलं? पाहिलं कुणी? पाहिलं असतं तर त्यानं कडी काढली नसती का? तू मला शिक्षा करायला हे रचलंस, होय ना? मी आत्याबद्दल तसं बोललो, तुला हक्क होता. मला राग नाही.

एक ओळ लिही. 'रचलं होतं' एवढीच. खोटी लिहिलीस तरी चालेल. मी बासष्ट वर्षांचा आहे, आता मला एवढं घेऊन जगता यायचं नाही. तुझ्या पाया पडतो.

तुझा
खळ्या


२ ऑक्टोबर

खळ्या,

हे सून लिहितेय, मी सांगतेय. मी सांगेन तसंच लिहायचं, गाळायचं नाही, असं तिला बजावलंय.

पुस्तक मिळालं. मांडीवर घेऊन चाचपलं. शिवण चांगली घातलीस, पाठ सरळ आहे, कपाचा डाग कुठे असेल ते काही कळलं नाही. माझी नजर चौदा जुलैला गेली. म्हणजे तू निम्म्या फर्म्यांवरही आला नसशील. सुनेनं शेवटची ऐंशी पानं वाचून दाखवली, तिला पूर्णविराम नसले की दम लागतो. कारकून शेवटी नाव लिहितो. मला त्यात फारसं काही वाटलं नाही. कानानं ऐकायचं ते पुस्तक नाही.

आता तुझी ओळ.

मी रचलं नव्हतं. शब्दन् शब्द खरा आहे. खोटी ओळ लिहून मी तुला सोडवू शकले असते, आणि तीन दिवस तसंच करायचं माझ्या मनात होतं. पण तू विचारलंस की पाहिलं कुणी, आणि हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. आईनंसुद्धा नाही. तिला वाटलं, कडी बाहेरून लागलीय आणि वर तू होतास, म्हणजे तूच. तेवढं तिला पुरलं.

मी पाहिलं. मी माळ्याच्या जिन्यात बसले होते, वरून तिसऱ्या पायरीवर. तिथे वारा यायचा. हातात जाड कादंबरी होती, अवघड, मोठ्यांची, शाळेच्या बाईंनी 'तुला झेपायची नाही' म्हणून दिलेली. तू कडी लावलीस, 'भूत आलं' म्हणालास, माझ्याकडे बघून डोळा मारलास आणि गच्चीवर गेलास. ते तुला आठवत नाही. जाता जाता म्हणालास, 'ताई, जरा वेळानं काढ गं.' मी मान हलवली.

सुनेचा हात थांबलाय. लिही गं, मी सांगतेय ना.

धाकटा आतून झाकण वाजवत होता. आधी हसत होता, मग 'ताई, ताई' करायला लागला, मी जिन्यात आहे हे त्याला माहीत होतं. मी म्हटलं, 'थांब रे, एवढं प्रकरण संपवते आणि काढते.' प्रकरण अवघड होतं, एकेक पान दोनदा वाचावं लागत होतं, आणि मला पहिल्यांदाच वाटत होतं की मला कळतंय. तो वाजवतच होता, मला राग आला. मग तो वाजवायचा थांबला. मला वाटलं, रुसला. म्हणून मी पुढचंही प्रकरण वाचलं.

ताई